बियाणे ही अमानत आहे

भाताला पाणी हवे असते, हे शेती न करणाऱ्यालाही ठाऊक असते. पण तेच भाताचे रोप पूर्णपणे पाण्याखाली गेले तर आठवड्या-दीड आठवड्यात मरते, हे पुरात शेत गेलेल्यालाच नीट कळते. बुडालेले रोप स्वस्थ राहत नाही. हवा आणि उजेड गाठण्यासाठी ते भराभर उंच होऊ लागते आणि अंगात साठवलेली सारी साखर त्या धडपडीत खर्च करते. पाणी दोन-तीन दिवसांत उतरले तर निभावते. नाही उतरले तर रोप थकते, लोळते, कुजते. मग शेतकऱ्यापाशी नव्याने लावणी करण्याइतके ना बियाणे उरलेले असते, ना पावसाळ्याचे दिवस.

ओडिशाच्या सखल भागातला धलपुटिया नावाचा एक देशी वाण मात्र वेगळा निघाला. उत्पन्न बेताचे, पण पाण्याखाली गेल्यावर तो उंच होण्याची घाई करीत नाही. वाढ थांबवतो, जवळची शिदोरी राखून ठेवतो आणि दोन आठवड्यांनी पाणी ओसरले की पुन्हा फुटतो. या वाणातून निवड करून एफआर १३ ए हा वाण वेगळा काढण्यात आला. एफआर म्हणजे 'फ्लड रेझिस्टंट', पुराला दाद न देणारा. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचे १९७० च्या दशकात त्याकडे लक्ष गेले. हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९६ मध्ये कळले. २००६ मध्ये केनाँग शू, पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस, डेव्हिड मॅकिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण देणारे नेमके जनुक ओळखून 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केले. त्याला 'सब-१ ए' हे नाव मिळाले.

पुढचे काम संकराने झाले. आंध्रातील मारुतेरू केंद्रातून आलेला 'स्वर्णा' हा पूर्व भारतातील शेतकऱ्यांचा आवडता वाण. त्याचा एफआर १३ ए पासून निघालेल्या एका वाणाशी संकर केला, आणि प्रत्येक पिढीत ज्या रोपांत ते जनुक उतरले आहे तेवढीच रोपे चाचणीने निवडून पुन्हा पुन्हा स्वर्णाशी संकर केला. शेवटी चव, दाणा, उंची सारे स्वर्णाचे आणि पूर सोसण्याचा गुण धलपुटियाचा, असा 'स्वर्णा-सब १' तयार झाला. भारतात तो २००९ मध्ये लागवडीसाठी आला. बांगलादेशाने २०१० मध्ये तोच वाण आपल्या नावाने स्वीकारला. यात परक्या जातीचे जनुक नव्हते. भाताचेच जनुक भातात गेले होते.

सगळीकडे मात्र असेच होत नाही. अर्जेंटिनाने २०२० मध्ये एका गव्हाला मान्यता दिली. त्यात दुष्काळ सोसण्यासाठी सूर्यफुलाचे जनुक घातलेले आहे. आपल्या देशात मे २०२५ मध्ये 'पुसा डीएसटी राईस १' हा भात जाहीर झाला. त्यात बाहेरचे काही घातलेले नाही. भाताच्याच एका जनुकाचे काम थांबवले आहे, जेणेकरून पीक क्षार आणि पाण्याचा ताण सोसू शकेल. म्हणजे वनस्पतीचा गुण वनस्पतीच्या कामी आणण्याचे तीन मार्ग आज आपल्यासमोर आहेत. जातीतल्या जातीत संकर, एका जातीचे जनुक दुसरीत घालणे, आणि जनुकाचे जागच्या जागी संपादन.

आपल्या समाजात असा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ही अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ नव्हे काय? हा प्रश्न हसून टाळण्याजोगा नाही. कुरआनात सूरह निसामध्ये सैतानाच्या प्रतिज्ञेचा उल्लेख येतो. माणसांना भुलवून जनावरांचे कान चिरायला लावीन आणि अल्लाहची निर्मिती बदलायला लावीन, असा त्याचा आशय आहे. श्रद्धावान माणूस या आयतीपाशी थबकतो, आणि त्याने थबकावेच. पण तेथे संदर्भ आहे तो खोट्या देवतांच्या नावाने जनावरांना विद्रूप करण्याच्या प्रथेचा. कित्येक जुन्या भाष्यकारांनी 'निर्मिती बदलणे' याचा अर्थ अल्लाहने दिलेला मूळ धर्म, मूळ प्रवृत्ती बिघडवणे असाच घेतला आहे. प्रत्येक बदल जर निषिद्ध असता तर कलम करणारा माळी, खच्ची केलेला बैल नांगराला जुंपणारा शेतकरी आणि देवीची लस टोचणारा डॉक्टर, सारेच गुन्हेगार ठरले असते.

याहून अधिक प्रकाश टाकणारा प्रसंग हदीसमध्ये आहे. सहीह मुस्लिममध्ये तो येतो. मदिनेचे लोक खजुरीच्या नर झाडाचा फुलोरा मादी झाडाच्या फुलोऱ्यात घालीत. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि याचा काही उपयोग होत असेल असे आपणास वाटत नाही, असे बोलून दाखवले. लोकांनी ते करणे सोडले. त्या वर्षी फळ कमी आले. हे कानावर गेल्यावर पैगंबरांनी (स.) सांगितले, की तुमच्या दुनियेच्या व्यवहाराचे ज्ञान तुम्हालाच अधिक आहे. या प्रसंगाचा उपयोग आम्ही धर्म आणि विज्ञान यांच्या जुन्या वादात पुष्कळदा करतो. त्यातली एक बारीक गोष्ट मात्र निसटते. येथे ज्यांच्या ज्ञानाला मान दिला गेला, ते विद्वान नव्हते. ते खजुरीच्या बागेत राबणारे साधे शेतकरी होते.

म्हणून निर्मितीतील ढवळाढवळ हा प्रश्न आपण खुशाल विचारावा, पण तेथेच थांबू नये. हलालचा किंवा हरामचा शिक्का मारला की आपले नैतिक काम संपले, अशी एक सवय आपल्याला लागली आहे. संकर असो की संपादन, एखादे तंत्र स्वतः पापी किंवा पुण्यवान नसते. ते सुरक्षित आहे की नाही याची कसून तपासणी झाली पाहिजे, तिचे निष्कर्ष लोकांसमोर आले पाहिजेत, याबद्दल दुमत नसावे. पण ती तपासणी उत्तम पार पडली तरी दोन प्रश्न उरतातच. तो गुण आला कोणाकडून? आणि तो वापरून सोसायचे कोणी?

पहिला प्रश्न घेऊ. 'सब-१ ए' शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे आपल्याला सांगता येतात आणि ती सांगितलीच पाहिजेत. त्यांनी वर्षानुवर्षे खपून एक बंद पेटी उघडली. पण ती पेटी इतका काळ सांभाळली कोणी? ओडिशाच्या सखल जमिनीत दर पुरानंतर उभ्या राहिलेल्या रोपांचे बी ज्यांनी बाजूला काढले आणि पुढच्या पावसात पेरले, त्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. एखाद्या पिढीने उपाशी पोटी ते बियाणे शिजवून खाल्ले असते, तर प्रयोगशाळेत वाचायला काही उरलेच नसते.

आपल्या परंपरेत यासाठी नेमका शब्द आहे, अमानत. ज्याच्याकडे अमानत ठेवली तो तिचा रखवालदार असतो, धनी नसतो. ती जशीच्या तशी परत करणे त्याच्यावर बंधनकारक असते. सूरह युसूफमध्ये दुष्काळाची गोष्ट येते. हजरत युसूफ (अ.) सुकाळाच्या सात वर्षांचे धान्य कणसातच राखून ठेवायला सांगतात. पुढे सात कठीण वर्षे येतात, ती सारा साठा खाऊन टाकतात, थोडासा राखलेला भाग वगळून. काही भाष्यकारांच्या मते तो थोडासा भाग म्हणजे बियाणे. अगदी भुकेच्या वेळीही ज्याला हात लावायचा नाही, ते बी.

या कल्पनेचे आपल्या काळातले एक उदाहरण सीरियाचे आहे. अलेप्पोजवळ कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची बियाणे-पेढी होती. गहू, जव, मसूर, हरभरा या पिकांचे जुने वाण आणि त्यांचे रानटी भाऊबंद तेथे जपलेले होते. माणसाने जेथे प्रथम शेती केली त्या टापूतले, उष्णता आणि अवर्षण सोसणारे असे ते बी होते. संस्थेने त्याच्या प्रती नॉर्वेतील स्वालबार्ड येथील बर्फाळ भांडारात ठेवल्या. हे भांडार २००८ मध्ये सुरू झाले. तेथला नियम असा, की ज्याने पेटी ठेवली तीच संस्था ती परत मागू शकते. दुसऱ्या कोणालाही ती उघडता येत नाही. पुढे युद्धाने अलेप्पोची पेढी हाताबाहेर गेली. २०१५ मध्ये संस्थेने आपल्या पेट्या परत मागितल्या. त्या भांडाराच्या इतिहासातली ती पहिली परतफेड. ते बी लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले गेले आणि २०१७ मध्ये नव्या प्रती पुन्हा स्वालबार्डला पोचल्या. अमानत ठेवणे, राखणे आणि मागताच परत करणे, याचा इतका स्वच्छ व्यवहार आजच्या जगात क्वचित दिसतो.

दुर्दैवाने बियाण्याचा व्यवहार नेहमी इतका स्वच्छ नसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या खेड्यातले दादाजी खोब्रागडे आपल्याला आठवत असतील. तुटपुंज्या जमिनीवर राबणाऱ्या या दलित शेतकऱ्याने १९८० च्या दशकात शेतातली वेगळी दिसणारी लोंबी निवडून, जपून, एचएमटी हा भाताचा वाण तयार केला. तो लाखो ताटांत पोचला. एका सरकारी संस्थेने त्यांच्याकडून बियाणे नेऊन सुधारित वाण म्हणून बाजारात आणले, पण त्यांच्या श्रमाचे श्रेय आणि मोल त्यांना मिळाले नाही. सन्मान मिळाले, २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते पुरस्कारही मिळाला. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरात आजारपणाच्या खर्चाची चिंता होती. अमानतीत खयानत करायला चोरीच करावी लागते असे नाही. आणणाऱ्याचे नाव विसरले तरी पुरते.

आपल्या देशाचा २००१ चा पीक वाण आणि शेतकरी हक्क कायदा या बाबतीत बराच चांगला आहे. आपल्या शेतातले बियाणे राखणे, पुन्हा पेरणे, शेजाऱ्याला देणे, विकणेही शेतकऱ्याचा हक्क आहे, असे तो मानतो. फक्त नोंदणीकृत नावाचा शिक्का मारून ते विकता येत नाही. तरीही २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणाबद्दल गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावलेच. देशभर आरडाओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. कायदा असून चालत नाही, तो ठाऊक असावा लागतो, एवढा धडा त्यातून घेता येईल.

या कसोटीवर स्वर्णा-सब १ ची गोष्ट समाधानाची आहे. हा सरळ वाण असल्याने शेतकरी आपलेच बी दरवर्षी पेरू शकतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओडिशातील एका अभ्यासात दिसून आले, की शेत १० दिवस पाण्याखाली राहिल्यास या वाणाचे उत्पन्न मूळ स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक येते, आणि पूर आला नाही तरी तोटा होत नाही. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदवली. पुरात बुडणारी सखल जमीन अधिककरून कनिष्ठ मानलेल्या जातींच्या वाट्याला आलेली आहे. उंचावरची चांगली शेते एकाची आणि पाण्याखाली जाणारी दुसऱ्याची, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ज्या सखल शेतांनी हा गुण जपला, तेथेच तो परत गेला आणि सर्वांत गरिबाच्या कामी आला, इतका न्याय येथे झाला.

२०२५ च्या संपादित भाताबाबत हेच म्हणता येईल का, हे अजून ठरायचे आहे. वाण आपल्या सरकारी संस्थेचा आहे, पण संपादनाच्या मूळ तंत्राची पेटंटे परदेशातल्या संस्थांकडे आहेत. उद्या त्या बियाण्यावर कोणाचा किती हक्क चालेल, हा प्रश्न तो वाण जाहीर झाला तेव्हाच विचारला गेला. अर्जेंटिनातील त्या गव्हात दुष्काळाच्या जनुकाबरोबर तणनाशक सोसण्याचा गुणही बांधलेला आहे. म्हणजे तहान सोसणारे बी घेताना शेतकऱ्याने एका औषधाची वाटही घरात घ्यायची. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने किती काढून घेतले जाते, ते पाहायला हवे.

आता दुसरा प्रश्न. शास्त्रज्ञ ज्याला पिकाची सहनशीलता म्हणतात, तो गुण आपल्याला फार ओळखीचा आहे. सब्र करा, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. सब्र मोठा गुण आहे यात शंका नाही. बुडालेले धलपुटियाचे रोप पाहून तो आठवला तर नवल नाही. पण दुर्बळाला सब्र शिकवणारे बहुधा त्याच्यावरचा भार उतरवण्याचा विचार करीत नाहीत, हाही आपला अनुभव आहे. पिकाच्या बाबतीत हेच घडू शकते. पूर सोसणारे भात आले, मग नदीचे पात्र मोकळे करण्याची घाई कशाला? खारे पाणी सोसणारे भात आले, मग फुटलेला बांध यंदा राहू द्या. अवर्षण सोसणारी ज्वारी येईल, मग जमिनीखालचे पाणी कोण कशासाठी उपसतो ते विचारू नका. ताण सोसण्याचा गुण पिकात आल्याने ताण देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. सूरह रहमानमध्ये मीजानचा, तराजूचा उल्लेख आहे. तोल बिघडवू नका, अशी तेथे ताकीद आहे. हवेत धूर सोडून ऋतूंचा तोल बिघडवणारे एकीकडे आणि त्याची किंमत भातखाचरात मोजणारे दुसरीकडे, ही वाटणी कोणत्याही जनुकाने बदलत नाही.

शिवाय जनुकाची धाव मर्यादित आहे. 'सब-१ ए' साधारण दोन आठवडे साथ देते. त्याहून अधिक दिवस पाणी राहिले की तेही हरते. महिनोन् महिने खोल पाणी राहणाऱ्या बांगलादेशातील शेतांत तर उलटाच गुण लागतो. तेथली खोल पाण्याची भाते पाण्याबरोबर उंच वाढतात आणि म्हणूनच जगतात. एका शेतातला तारणहार दुसऱ्या शेतात निकामी ठरतो. कोठे काय चालते याचे ज्ञान पुन्हा त्या शेतात राबणाऱ्यापाशीच असते, खजुरीच्या बागेतल्यासारखे.

यावर कोणी म्हणेल, मग न्याय होईपर्यंत शेतकऱ्याने थांबायचे काय? मुळीच नाही. त्याला जूनमध्ये पेरायचे आहे. ज्याचे खाचर दरवर्षी बुडते त्याला, आधी व्यवस्था बदलू दे मग बी घे, असे सांगणे हे पोट भरलेल्यांचे शहाणपण झाले. बी घ्यावे, पेरावे, राखावे आणि बांधाचा, नदीचा, पाण्याचा हिशोबही मागत राहावे. सब्र आणि हक्काची मागणी यांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही.

राहता राहिले आपण. कोकणच्या खाडीकाठी आपल्या कितीतरी घरांची खारी शेते आहेत. भरतीचे पाणी अडवणारा बांध, पावसाचे गोडे पाणी सोडायची उघाडी, आणि बांधाला खांड पडली की साऱ्या गावाने धावत जाणे, हे ज्यांनी पाहिले ती माणसे अजून हयात आहेत. त्या शेतांत काळा राता, भुरा राता यांसारखी खारेपण सोसणारी भाते पिकत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे वाण दिले, तेही खाऱ्या मातीत तग धरावी म्हणूनच. गोव्याच्या खाजण शेतांत कोरगुट आहे, केरळात पोक्काळी. पोक्काळीतला क्षार सोसण्याचा गुण आज जगभरच्या भात संशोधनात वापरला जातो. समुद्र चढतो आहे, तसे या भातांचे मोल वाढतच जाणार आहे.

आणि नेमक्या याच वेळी आमची खाचरे ओस पडत आहेत. मुले मुंबईला, आखातात गेली. गेली ती पोटासाठी गेली, त्यात त्यांचा दोष नाही. बांध फुटला तो फुटलेलाच राहिला, शेतात कांदळ उगवले, कणगीतले बी कोणी शेवटचे केव्हा पेरले ते आठवत नाही. ओडिशातील शेतकऱ्यांनी धलपुटिया टाकून दिला असता तर काय झाले असते, हे आपण वर पाहिले. आमच्या खाचरातून आम्ही काय टाकून दिले, याचा हिशोब मात्र आम्ही मांडलेला नाही. अमानतीचा प्रश्न कंपन्यांना आणि सरकारला विचारण्याचा आपल्याला हक्क आहेच. तो स्वतःलाही विचारावा लागेल.

पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या धान्यातून दहावा हिस्सा आणि स्वतः पाणी घालून पिकवलेल्यातून विसावा हिस्सा उश्र म्हणून द्यावा, असे आपला धर्म सांगतो. रोप लावणाऱ्याच्या शेतातून पाखराने जरी खाल्ले तरी तो सदका ठरतो, असेही हदीसमध्ये आले आहे. धान्यातला हा हिस्सा आपल्याला ठाऊक आहे. बियाण्यातलाही एक हिस्सा पुढच्यांचा असतो. या सुट्टीत गावी गेलो तर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारावे, की खारात कोणते भात पेरीत होता, त्याचा दाणा कसा होता, ते बी अजून कोणाकडे आहे का. नाव लिहून घ्यावे. पसाभर बी मिळाले तर त्यातले थोडे पेरावे आणि थोडे जवळच्या संशोधन केंद्रात, ज्याने दिले त्याच्या नावासह, नोंदवून यावे.